हुतूतूचे विनावेतन सेवक

१९१८ साली साताऱ्यास काही जाणत्या मंडळींनी हुतूतूच्या, म्हणजे आजच्या कबड्डीच्या, खेळास निश्चित स्वरूप देण्याचा यत्न केला, १९२१ साली तेथेच संजीवनी आणि गामिनी ह्या दोन प्रकारांचा मेळ घालून नियमांचा आराखडा सिद्ध केला, आणि १९२३ साली एका खास समितीने दुरुस्त केलेले तेच नियम बडोद्याच्या अखिल भारतीय सामन्यांत प्रत्यक्ष लागू झाले, तेव्हा ह्या खेळाच्या इतिहासात खेळाडूइतक्याच महत्त्वाच्या एका माणसाचा प्रवेश झाला. शिटी, कागद आणि घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला बसणारा, स्वतः न खेळणारा आणि त्या कामाचा मेहनताना न मागणारा कार्यकर्ता तो हाच. विजेत्यांच्या नावांनी भरलेल्या स्मरणिकांत त्याला क्वचितच जागा मिळते. पण प्रादेशिक क्रीडासंघटना नावाची जी संस्था पुढे महाराष्ट्रात उभी राहिली, ती मुख्यतः त्याच्या खांद्यावर उभी राहिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

ह्याचे कारण खेळाच्या नियमांतच आहे. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी बाहेर बसला तो बसला, आणि सगळा संघ बाद होईपर्यंत त्याने आत यावयाचे नाही. ह्या हिशेबाला दोन्ही पक्षांचा प्रामाणिकपणा आणि भोवती उभ्या असलेल्या गावकऱ्यांची नजर पुरेशी होती. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होतो, आणि तो कोणता व्हावयाचा हे बाद होण्याच्या क्रमावर ठरते. म्हणजे कोण आधी बाद झाला, कोण नंतर, कोणाची पाळी आली, ह्याची क्षणाक्षणाची नोंद ठेवणारा त्रयस्थ मनुष्य असल्याशिवाय हा खेळ चालूच शकत नाही. आजही कबड्डीच्या सामन्यास एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक लागतात. पैकी शेवटचे दोघे बाद गड्यांच्या बैठकीशी बसून तो क्रम सांभाळण्याचेच काम करतात. चौदा जणांच्या खेळाला सहा माणसांची सेवा लागावी, हे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे संघटनेचा भार कोठे पडतो हे कळून येईल.

ही माणसे आली कोठून? प्रारंभी ती तालमींतून, शाळांतून आणि राष्ट्रीय वृत्तीच्या व्यायामसंस्थांतून आली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोच्या नियमांसाठी समिती नेमली. त्याच वर्षी अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांच्या नियमांना छापील आणि सर्वमान्य रूप दिले. अमरावतीच्या मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी ह्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. अशा संस्थांत वावरणारा व्यायामशिक्षक हा आपल्या प्रादेशिक संघटनांचा पहिला स्वयंसेवक होय. दिवसा शाळा, सायंकाळी आखाडा आणि सुट्टीत सामने अशी त्याची वाटणी असे, आणि त्याचा योगक्षेम शाळेच्या पगारावर चालत असल्यामुळे संघटनेला त्याच्यासाठी वेगळी बेगमी करावी लागत नसे.

१९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ निघाला, १९५२ साली मद्रासला पहिले राष्ट्रीय सामने झाले, आणि संघटनेचे काम एकदम वाढले. जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडचाचण्या, वयाच्या आणि वजनाच्या दाखल्यांची छाननी, पंचपरीक्षा, संघाच्या प्रवासाची तजवीज, वर्गणीची पावतीपुस्तके, कीर्द-खतावणी आणि हिशेबतपासनिसाचा शेरा, ही सगळी कामे करणारा चिटणीस बहुधा कोठे तरी नोकरीस असे आणि संघटनेचे दप्तर त्याच्या घरच्या कपाटात असे. मुंबईत ह्या मनुष्यबळाचा मोठा झरा गिरणगाव होता. लालबाग-परळच्या चाळींतील मंडळे, श्रमिक जिमखान्यासारखी मैदाने, गिरण्यांचे आणि कारखान्यांचे स्वतःचे संघ ह्यांच्या आधाराने मुंबईची कबड्डी वाढली. पाळीचे काम संपवून आलेला कामगार रात्रीच्या सामन्याला गुणलेखक म्हणून बसे, बाहेरगावचा संघ आला तर त्याच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय चाळीत होई, आणि पाळी बदलून देणारा एखादा सहृदय जॉबर किंवा रजा मंजूर करणारा वरिष्ठ अधिकारी हा संघटनेचा अप्रत्यक्ष आश्रयदाताच ठरे. कार्यकर्त्याला आधार देण्याची ही व्यवस्था कोणत्याही घटनेत लिहिलेली नव्हती. ती शेजारधर्माची आणि शिरस्त्याची होती.

ह्या सेवेचे स्वरूप जवळून पाहावयाचे असेल तर सामन्याच्या दिवशी दुपारीच मैदानावर जावे. खडे वेचून, माती चाळून, पाणी मारून जमीन तयार केलेली असते. मग चार-पाच जण सुतळी, खुंट्या आणि मोजपट्टी घेऊन उतरतात; पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असा चौक पाडला जातो, कोपरा काटकोनात आला की नाही हे कर्ण मोजून पाहिले जाते, मधोमध मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा, आणि दोन्ही बाजूंना मीटर-मीटरचे राखीव क्षेत्र. ताणलेल्या सुतळीवरून फक्की सोडणारा हात थरथरला तर रेषा फाकते, आणि फाकलेल्या रेषेवरून रात्री अंतिम सामन्यात तंटा होतो. म्हणून हे काम नेहमी अनुभवी माणसाकडे जाते. पहिल्या दोन चढायांतच खेळाडूंच्या पायांनी ती रेषा पुसू लागते आणि मध्यंतराच्या पाच मिनिटांत तोच मनुष्य वाकून ती पुन्हा भरतो. प्रेक्षक तेवढ्यात चहाला गेलेले असतात.

पंचाची गोष्ट ह्याहून कठीण. निर्णय बरोबर दिला तरी एक पक्ष नाराज, आणि चुकला तर दोन्ही. संतापलेल्या जमावातून त्याला सुखरूप बाहेर काढून बसस्थानकापर्यंत पोहोचविणे हेही यजमान मंडळाचे कर्तव्य मानले जाई, आणि ज्या मंडळांनी ते पाळले त्यांच्याकडे पंच आनंदाने पुनःपुन्हा गेले. मला तर वाटते की एखाद्या जिल्हा संघटनेची योग्यता ठरवावयाची झाल्यास तिने किती पदके मिळविली ह्यापेक्षा तिने आपल्या पंचास कसे वागविले हे आधी विचारावे.

सरकारी आधार आला, पण तो वरच्या पायरीवर थांबला. केंद्र सरकारच्या नियमांत राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांसाठी कर्मचाऱ्यास वर्षाकाठी ३० दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजेची सोय आहे. परंतु तालुक्याच्या सामन्यास शिटी घेऊन जाणारा कारकून किंवा शिक्षक ह्या तरतुदीच्या कक्षेत येत नाही आणि आपली स्वतःची रजा खर्ची घालतो. महाराष्ट्र शासनाच्या शिवछत्रपती पुरस्कारांत खेळाडूंबरोबर संघटक-कार्यकर्त्यांचाही समावेश झाला, ही मोठीच समाधानाची गोष्ट. कबड्डीमहर्षी म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो ते शंकरराव तथा बुवा साळवी हे तर कार्यकर्ता किती उंचीला पोहोचू शकतो ह्याचे उदाहरण. १९७४ साली भारतीय संघ बांगलादेशात गेला, १९८० साली कलकत्त्यास पहिली आशियाई स्पर्धा झाली, १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रात्यक्षिक आणि १९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये पदकाचा खेळ असा कबड्डीचा प्रवास झाला, तो बुवांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चिकाटीनेच. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

मात्र ऐंशीच्या त्याच दशकात पायाखालची जमीन सरकत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव ओस पडत गेले. कामगार विखुरले, मैदानांभोवती इमारती चढल्या, आणि रात्रीच्या गुणलेखकाला जेवू घालणारी चाळ उरली नाही. २०१४ पासून प्रो कबड्डीने खेळाडूच्या हाती पैसा दिला, आणि तो त्याने घामाने मिळविलेला असल्यामुळे त्याबद्दल आनंदच मानावयास हवा. पण त्या झगमगत्या मॅटवर उतरलेला खेळाडू आधी कोठल्या तरी मातीच्या मैदानावर खेळला होता, आणि ते मैदान आखणाऱ्याच्या पदरात ह्या नव्या वैभवातून फारसे काही पडलेले नाही. जुना आश्रय गेला आणि नवा आला नाही, अशा मधल्या काळात आपल्या जिल्हा संघटना आज उभ्या आहेत.

तेव्हा जिल्हा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की येत्या वार्षिक सभेच्या अंदाजपत्रकात कार्यकर्ता निधी असे एक स्वतंत्र खाते उघडावे. पंचाचा फिरतीभत्ता सामना संपताच रोख द्यावा, सामन्याच्या दिवशीच्या अपघाताचा विमा पंच, गुणलेखक आणि मैदान आखणाऱ्यांनाही लागू करावा, आणि वीस-वीस वर्षे राबलेल्यांची नावे, गाव आणि सेवेचा काळ ह्यांची एक नोंदवही चिटणिसाच्या दप्तरात सुरू करावी. त्यांतील कित्येक जण आज सत्तरी ओलांडून बसले आहेत. नोंद करावयाची तर ह्याच वर्षी करावी.