अजून दोघं येऊ द्या

कुत्रा ओळखीचाच होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर झोपणारा, तांबूस, एक कान फाटलेला. 2019 च्या जूनमध्ये, एका मंगळवारी पहाटे, दूध घेऊन येताना माझा पाय त्याच्या शेपटीवर पडला आणि त्याने माझी पोटरी धरली. दोन दात लागले, रक्त आलं. चूक माझी होती, पण केसपेपरवर चुकीसाठी रकाना नसतो. रक्त आलं की जखम तिसऱ्या वर्गातली. म्हणजे लस तर हवीच, शिवाय जखमेत टोचायचं सीरमही हवं.

घरी आल्या आल्या आईने मला मोरीत बसवलं, नळ सोडला आणि कपडे धुण्याचा साबण हातात दिला. "पंधरा मिनिटं. घड्याळ लावून." शेजारच्या काकू वाटीत चुना आणि तिखट कालवून घेऊन आल्या होत्या. आईने ती वाटी शांतपणे त्यांच्या हातातून घेतली आणि कट्ट्यावर लांब ठेवून दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चौदा घ्यावी लागतील का रे?"

चौदा! आमच्या घरात हा आकडा वेगळ्याच आवाजात उच्चारला जातो. आता चौदा घ्यावी लागत नाहीत, चार खेपांत काम होतं, हे तिला माहीत होतं. तरी विचारलंच.

आरोग्य केंद्र उघडेपर्यंत नऊ वाजले. सिस्टर म्हणाल्या, "स्टॉक संपलाय. मागणी पाठवलीय, पण वरूनच येत नाहीये." त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. त्या वर्षी देशातल्या अनेक राज्यांत रेबीजच्या लशीचा तुटवडा होता. बाजारपेठेतल्या चारही मेडिकलवाल्यांनी माना हलवल्या. त्यातला एक चांगुलपणाने म्हणाला, "चावायच्या आधी फोन करायला हवा होता तुम्ही." या विनोदाचं हसू मला बऱ्याच दिवसांनी आलं. शेवटी एका मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून चाळीस किलोमीटरवरच्या, शेजारच्या तालुक्याच्या रुग्णालयात गेलो. तिथे लस होती. सीरमची एकच बाटली उरली होती, घोड्याच्या रक्तापासून केलेली. आधी हातावर थेंबभर टोचून अंगाला सोसतं का ते पाहिलं, मग तिच्यातलं सीरम पोटरीच्या जखमेतच, दातांच्या खुणांभोवती टोचलं. कुत्रा परवडला असं वाटलं.

परत येताना मागच्या सीटवर बसल्या बसल्या मला मामाआजोबा आठवले. आईचे मामा, आजीचा धाकटा भाऊ.

आजीची कालगणना घटनांची होती. "रामदास बोट बुडाली ना, त्येच्या आदल्या साली," अशी ती गोष्ट सुरू करायची. रामदास बुडाली 17 जुलै 1947 ला, रेवसला जाताना, सहाशेच्या वर माणसं घेऊन. म्हणजे गोष्ट 1946 ची. गाव विजयदुर्गाजवळचं. मामाआजोबा नऊ वर्षांचे. मे महिना संपत आलेला, आणि कुत्रा चावला. "पिसाळलेलो व्हतो काय नाय, कोणाक ठावक!" असं म्हणून आजी इथे नेहमी थांबायची. चावला आणि पळाला. जवळच्या सरकारी दवाखान्यात त्या सुईचा पत्ता नव्हता. लस मुंबईला, परळला. आणि पाऊस लागला की किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद. म्हणजे मिळेल ती बोट पकडायची, नाहीतर चार महिने मिळायची नाही. आजीच्या वडिलांनी बैल विकला की गहाण ठेवला, यावर घरात दोन मतं आहेत. पडावातून लाटा खात ते बोटीपर्यंत गेले, डेकवर दाटीवाटीत रात्र काढली आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले.

लस पेशंटकडे येत नसे, पेशंट लशीकडे जात असे, ही रीत त्याहूनही जुनी. 1885 च्या जुलैमध्ये पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ही लस टोचली, तेव्हा ती सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली असे. ती साठवून लांब पाठवता येत नसे. म्हणून हिंदुस्थानात कुत्रा चावलेले गोरे शिपाई थेट पॅरिसला पाठवले जात. समुद्रमार्गे, आठवडेच्या आठवडे, मनात एकच धास्ती घेऊन. 1900 मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, 1907 मध्ये दक्षिणेत कुन्नूरला. तरीही चावा बसला की माणसाने डोंगर चढायचाच. हे उलटं केलं डेव्हिड सेंपल या डॉक्टरने, कसौलीतच, 1911 च्या सुमाराला. मेंढीच्या मेंदूत वाढवलेला विषाणू त्याने कार्बोलिकने मारला. मेलेला विषाणू बाटलीत भरून पाठवता येतो. लस गावोगाव पोचू लागली ती या युक्तीने.

पण सेंपलच्या लशीत मेंढीच्या मेंदूचा अंश असे. तो माणसाच्या अंगात गेला की क्वचित एखाद्याच्या शरीराला आपल्याच मज्जातंतूंचा वैरी करून सोडी, आणि अर्धांगासारखा विकार जडे. तरीही ती लस आपल्याकडे 2004 संपेपर्यंत चालू होती. स्वस्त होती आणि इथेच तयार होत होती. परळच्या हाफकिनमध्येही ती होत असे. प्लेगवरची लस 10 जानेवारी 1897 ला भायखळ्यात पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेणाऱ्या हाफकिनच्या नावाची ती संस्था. लस जिथे तयार होते त्या शहरात ओळखीचं कोणी असणं, हाच त्या काळचा आरोग्यविमा.

मामाआजोबांचे चुलते परळच्या गिरणीत होते. गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली एक खोली, तीन पाळ्यांतली पंधरा माणसं, एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच वळकटीवर पडायचं. त्यात हे पोर. रोज सकाळी रात्रपाळीहून आलेला कोणीतरी त्याला चालवत सुईला न्यायचा. बेंबीभोवती, पोटाच्या कातडीखाली, रोज एक. म्हातारपणी ते सदरा वर करून आम्हाला दाखवायचे, बोट घड्याळाच्या काट्यासारखं फिरवत. "हय पयलो दिवस, हय दुसरो." खूण एकही दिसत नसे. आम्हाला मात्र सगळ्या दिसत. खोलीतल्या भिंतीवर त्यांनी खिळ्याने चौदा रेघा मारल्या होत्या. वर म्हणायचे, "चौदा मेंढरां असत माझ्या पोटात. म्हणान तर मी बायलेच्या मागसून गपचूप चालतंय."

मी त्या चाळीस किलोमीटरला त्रास म्हणत होतो.

पुढची खेप शुक्रवारी, तिसऱ्या दिवशी, त्याच रुग्णालयात. बाकावर आधीच दोन पेशंट बसलेले होते. शाळेच्या गणवेशातला एक मुलगा, सोबत त्याचा बाप, आणि मांजर चावलेल्या एक मासेवाल्या मावशी. मी तिसरा. तिथल्या सिस्टरांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून दोघं येऊ द्या, मग फोडते." मला वाटलं, काय हा निष्काळजीपणा! मग त्यांनीच समजावलं. पूर्वी एका माणसाला दंडाच्या स्नायूत अख्खी व्हायल लागायची, पाच वेळा. आता कातडीतच द्यायची. दोन्ही दंडांवर एक दशांश मिली, एका खेपेला एकूण दोन दशांश. चार खेपा मिळून एक मिलीसुद्धा पुरी होत नाही. 2006 पासून आपल्याकडे या पद्धतीला मान्यता आहे. एक मिलीच्या व्हायलमध्ये पाच माणसं भागतात. पण एकदा सील फोडलं की गारव्यात ठेवूनही सहा-आठ तासांत ती संपवावी लागते, उरलेली फेकायची. आणि कपाटात अशा चारच व्हायल होत्या.

मग आम्ही वाट पाहिली. मावशींनी डबा उघडून पोराला अर्धी भाकरी दिली. त्याच्या बापाने रिक्षावाल्या दोस्ताला फोन लावला, "अरे तुझ्या भाच्याला चावलं होतं ना, आजच घेऊन ये." साडेअकराला चौथा आणि पाऊण वाजता पाचवा आला, तेव्हा त्याचं आम्ही नवरदेवासारखं स्वागत केलं. सुई बारीक, इन्शुलिनची असते तशी. नीट दिली तर कातडीवर मटकीएवढा फुगा येतो, वर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे. फुगा नाही आला तर सुई खोल गेली, पुन्हा द्यायची. सिस्टर प्रत्येक फुग्यावर क्षणभर थांबत होत्या. शेवटी सगळ्यांचे मोबाइल नंबर एका वहीत लिहून घेतले. "पुढच्या तारखेला सगळे एकदम या. मला एकच फोडावी लागेल." ही पद्धत कुठल्या परिपत्रकात होती की त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढली, मी विचारलं नाही. सातव्या दिवशी आमच्यातला एकही चुकला नाही.

इकडे घरी आईने दुसरी आघाडी उघडली होती. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. तो दहा दिवस धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता असं धरतात. त्यामुळे मला चावलेल्या कुत्र्याला आमच्या घरून रोज दोन वेळा दूधभाकरी सुरू झाली. तो कुठे भटकू नये, गाडीखाली येऊ नये, नगरपालिकेच्या माणसांच्या हाती लागू नये म्हणून. सकाळी मी उठायच्या आत आई पायरीपर्यंत जाऊन येई. "जेवला. पाणीपण प्यायला." माझं ताप-डोकेदुखी कोणी विचारेना. दहाव्या दिवशी संध्याकाळी तिने त्याला चक्क शिरा घातला.

परळलाही डॉक्टरांनी आजीच्या वडिलांना तेच विचारलं होतं, कुत्रा जिवंत आहे का? त्यांना कुठे माहीत! समुद्र बंद झाला होता, घाटाने फिरून यायला पैसे नव्हते, आणि गावाकडून आलेल्या एकुलत्या एका कार्डात नांगरणीचं नि म्हशीचं होतं. कुत्र्याचं कोण लिहिणार? चौदा सुया झाल्या, पण बापलेक तिथेच अडकले. बापाने गोदीत ओझी उचलली, पोराने खोलीतल्या माणसांची भांडी घासली. घरचा गणपती चुकला. बोटी सुरू झाल्या तेव्हा कुठे ते परतले.

आजी तेव्हा अंगणात कुळीथ निवडत बसली होती. पाणंदीतून दोघं येताना दिसले आणि त्यांच्या आधी तो कुत्रा दिसला, शेपूट हलवत पुढे पुढे येणारा. पावसाळाभर तो त्यांच्याच पडवीत निजत होता. अंगणाच्या कडेला पोर थबकलं. सुपातले कुळीथ तसेच टाकून आजी उठली तर ते रडत नव्हतं की ओरडत नव्हतं. दोन्ही हातांनी पोट झाकून नुसतं उभं होतं.