घटप्रभेचा गेंडा आणि कोल्हापूरचा इतिहास

कोल्हापूरच्या इतिहासाला आपण सहसा ब्रह्मपुरीपासून सुरुवात करतो. 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर उत्खनन केले आणि सातवाहनकाळातले नांदते गाव उजेडात आले. तिथेच सापडलेल्या पोसायडनच्या ब्राँझच्या मूर्तीने रोमशी असलेल्या व्यापाराचा पुरावा दिला. तिथून शिलाहार, मग पन्हाळा, मग करवीर संस्थान, अशी आपली सांगण्याची रीत ठरून गेली आहे. या रीतीत दोन हजार वर्षांपलीकडचे सगळे गळून पडते. जमिनीखालचा पुरावा त्याहून कितीतरी मागे जातो, आणि तो वाचण्याची पद्धत आपल्या मुलखात दीडशे वर्षांपूर्वीच रुजली होती. रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूवैज्ञानिकाचे काम त्यासाठी पुन्हा समोर ठेवायला हवे.

फूट यांचा जन्म 1834 साली इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा. 1858च्या डिसेंबरात ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले आणि 1891 साली निवृत्त झाले. विद्यापीठातले प्राध्यापकपद त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांची सगळी विद्वत्ता सर्वेक्षणाच्या चाकरीत, घोड्यावरून आणि पायी मुलूख तुडवताना तयार झाली. त्याच काळात युरोपात एक मोठा वाद निकाली निघत होता. फ्रान्समधल्या सोम नदीच्या वाळूगोट्यांत नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर मिळणारी दगडी हत्यारे माणसानेच घडवली, हे 1859 साली इंग्लंडच्या जाणकारांनी मान्य केले. फूट यांची नजर त्यामुळे तयार होती. 30 मे 1863 रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे मुरमाच्या खाणीत त्यांना घडवलेला दगड दिसला आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला तोंड फुटले. पुढे दक्षिण महाराष्ट्राचा, म्हणजे कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, कलादगी या टापूचा भूवैज्ञानिक वृत्तांत त्यांनी लिहिला. तो 1876 साली प्रसिद्ध झाला. कलादगीच्या प्राचीन गाळखडकांना त्यांनी दिलेले नाव भूविज्ञानात आजही चालते.

याच भटकंतीत गोकाकजवळ चिकदौली येथे घटप्रभेच्या खोऱ्यातल्या गाळात त्यांना गेंड्याचे अवशेष मिळाले. गेंड्याच्या दाढेवर दंतवल्काच्या खोल वळ्या असतात, आणि त्या वळ्यांची ठेवण पाहून एक जात दुसरीपासून वेगळी काढता येते. हे अवशेष निराळ्या जातीचे आहेत असे ठरवून फूट यांनी तिला दख्खनचे नाव दिले आणि 1874 साली तिचे वर्णन छापले. एवढ्या थोड्या अवशेषांवरून नवी जात मांडणे कितपत योग्य, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्तही आहे. जातीचे नाव पुढच्या अभ्यासात बदलू शकते. पण त्या मातीत गेंडा होता, ही गोष्ट नाव बदलल्याने बदलत नाही. आज भारतातला रानगेंडा मुख्यत्वे आसाम आणि उत्तर बंगालच्या पाणथळ गवताळ रानांत उरला आहे, तर गोकाकचा परिसर कमी पावसाचा आहे. एवढ्या मोठ्या शाकाहारी जनावराला बारमाही पाणी आणि चारा लागतो. म्हणजे कधीकाळी घटप्रभेच्या काठाला दोन्ही मुबलक असणार. गुजरातेत लांघणजच्या उत्खननातही गेंड्याचे खांद्याचे हाड मिळाले, तेव्हा पश्चिम भारतातला गेंडा हा चिकदौलीपुरता अपवाद ठरत नाही.

गोकाक तर कर्नाटकात, मग त्याचा कोल्हापूरशी संबंध काय, असे विचारले जाईल. उत्तर नदीच देते. घटप्रभा चंदगडच्या मुलखातून खाली जाते, आणि आजरा-गडहिंग्लजवरून वाहणारी हिरण्यकेशी तिलाच मिळते. चंदगडच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस गोकाकला गाळ घेऊन पोचतो. शिवाय ही राज्यांची सीमा अलीकडची आहे. फूट हिंडत होते तेव्हा रायबाग कोल्हापूर संस्थानात होते, आणि मलप्रभेकाठचे तोरगल ही करवीर दरबाराचीच जहागीर होती. मलप्रभेच्या खोऱ्यात फूट यांना पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली, आणि 1955 साली र. वि. जोशी यांनी त्या खोऱ्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास प्रसिद्ध केला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे सर्वेक्षण मुख्यतः कोळशाच्या शोधासाठी कंपनी सरकारने उभे केले. वाट दाखवणारे आणि माती उकरणारे इथले लोक, ग्रंथांवर नाव साहेबाचे. हा अन्याय खराच आहे आणि तो झाकू नये. पण त्यावरचा उपाय पुरावा नाकारणे हा नव्हे. फूट यांनी प्रत्येक दगडाची जागा नोंदवली, आणि त्यांचा संग्रह मद्रासच्या संग्रहालयाने घेतल्यावर त्याची स्थळवार सूची छापली गेली. म्हणून त्यांचे निष्कर्ष आज कोणालाही तपासता येतात, खोडताही येतात. सत्ता गेली तरी नोंद उरते, आणि ती नोंद आता आपली आहे.

राहिला शेवटचा मुद्दा. कोल्हापूर बहुतांशी काळ्या पाषाणावर वसले आहे. लाव्हाच्या खडकात हाडे कुठली, आणि हत्यारांना लागणारा क्वार्टझाइटही बेसाल्टच्या मुलखात नाही, मग इथे शोधायचे काय? यातला पहिला भाग बरोबर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हात गेंडा सापडणार नाही. पण चिकदौलीचा गेंडाही खडकात सापडला नव्हता, नदीने फार नंतर आणून टाकलेल्या गाळात सापडला. दुसऱ्या भागाचे उत्तर नेवाशाने दिले. तिथे सांकलियांच्या चमूला 1954 ते 56 दरम्यान प्रवरेकाठी आदिमानवाची जी हत्यारे मिळाली, त्यांत डोलेराइट-बेसाल्टसारख्या काळ्या दगडांच्या हातकुऱ्हाडी होत्या. क्वार्टझाइट नसला तर माणसाने हाती लागेल तो दगड घडवला. म्हणजे कोल्हापूरची अडचण खडकाची नाही, पाहण्याची आहे. हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा यांच्या काठची मळी वीटभट्ट्यांसाठी खणली जाते, तळाचे गोटे उघडे पडतात आणि पुढच्या पुरात वाहून जातात. आपल्या महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या काठांची जागेसह, थरासह नोंद ठेवायला लागावे. त्यातून काही मिळाले तर ब्रह्मपुरीच्या मागचा काळ खुला होईल. नाही मिळाले, तरी कुठे शोधून झाले हे पुढच्याला कळेल, आणि विज्ञानात तेही कामच असते.