पिंजऱ्याची पारख

प्राणिसंग्रहालयांतील पिंजरा चांगला कीं वाईट, हें कोणाच्या दृष्टीनें ठरवावयाचें? पाहावयास येणाऱ्या मनुष्याच्या, कीं आंत राहणाऱ्या प्राण्याच्या? प्रश्न साधा वाटतो. परंतु तो नीट विचारला जाण्यास युरोपांत जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं.

व्हिएन्ना येथील शोनब्रुन राजवाड्याच्या उद्यानांत सम्राट पहिला फ्रान्सिस ह्यानें १७५२ सालीं प्राणिसंग्रह उभारविला. तेरा आवारें वर्तुळाकार मांडलेलीं. पुढें मध्यभागीं एक सुंदर मंडपही बांधण्यांत आला. राजकुटुंबानें तेथें न्याहारी करावी आणि बसल्या जागेवरून चहूंकडचे प्राणी न्याहाळावे, अशी ती योजना होती. रचनेच्या मध्यबिंदूवर पाहणारा बसला होता.

हांबुर्गनजीक स्टेलिंगेन येथें कार्ल हागेनबेक ह्यानें १९०७ सालीं गजांस फांटा दिला. प्राणी किती लांब उडी घेतो हें अजमावून त्यानें मधें खंदक खणले. सिंह मोकळ्या हवेंत दिसूं लागला, आणि ह्या पद्धतीचें जगभर अनुकरण झालें. तरीही पुढें पाणपक्षी, त्यांच्यामागें सिंह आणि पाठीशीं कृत्रिम खडक ही सारी मांडणी प्रेक्षकाच्या डोळ्यासाठींच होती.

ह्या दृष्टीचा कळस लंडनमध्यें झाला. बर्थोल्ड लुबेट्किन व त्याची टेक्टन ही मंडळी ह्यांनीं, ओव्ह अरुप ह्या अभियंत्याच्या साहाय्यानें, १९३४ सालीं तेथें पेंग्विनांसाठीं एक लहानसें तळें बांधलें. लंबवर्तुळाकार शुभ्र भिंत आणि मधोमध एकमेकींस वेढीत उतरणाऱ्या, आधारावांचून तरंगल्यासारख्या भासणाऱ्या काँक्रीटच्या दोन उतरत्या वाटा! वास्तुविशारदांनीं त्या कृतीस डोक्यावर घेतलें. पुढें इंग्लंडांतील रक्षित वास्तूंच्या सर्वोच्च श्रेणींत तिची गणना झाली.

परंतु पेंग्विनाच्या पायांनीं निराळाच निकाल दिला. कठीण काँक्रीटवर चालून पायांस इजा व रोग होऊं लागले. तळें उथळ, त्यामुळें बुडी मारण्यास वाव थोडा. हम्बोल्ट जातीचा पेंग्विन बीळ खोदून घरटें करतो. काँक्रीटमध्यें त्यानें बीळ कोठें खोदावें? अखेर २००४ सालीं पेंग्विन तेथून हलविण्यांत आले, आणि २०११ सालीं त्यांच्यासाठीं वाळूगोट्यांचा किनारा असलेलें अधिक खोल तळें खुलें झालें. वास्तु सुरक्षित राहिली. जिच्यासाठीं ती बांधली ती प्रजा मात्र निघून गेली.

दोष केवळ लहान आकाराचा होता काय? हाइनी हेडिगर ह्या स्विस शास्त्रज्ञानें १९४२ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्याचें मार्मिक विवेचन केलें आहे. रानांतील प्राणीही अमर्याद भटकत नाहीं. निजण्याची, खाण्याची, लपण्याची ठरलेली ठिकाणें असलेल्या आपल्या हद्दींतच तो वावरतो. तीं ठिकाणें लाभलीं तर लहान आवारही घर होतें. न लाभलीं तर विस्तीर्ण मैदानही तुरुंगच. शिवाय, परका अमुक अंतराच्या आंत आला कीं प्राणी पळ काढतो. चोहोंबाजूंनीं माणसांचा गराडा पडेल अशा अरुंद पिंजऱ्यांत भित्र्या प्राण्यास हें अंतर कधींच राखतां येत नाहीं. प्रेक्षकास सर्वांत सोयीचा पिंजरा अशा रीतीनें प्राण्यास सर्वांत जाचक ठरतो.

मुंबईच्या राणीच्या बागेंत २०१६ सालीं हम्बोल्ट पेंग्विन आले, तेव्हांपासून ही पारख मराठी कुटुंबांच्याही दाराशीं आली आहे. कांचेपलीकडचें निळें पाणी मुलांस मोहवितें, हें खरें. परंतु पायाखालची भूमि कशी आहे, पाणी पोहण्याजोगें आहे काय, घरट्यास आडोसा आहे काय, आणि नको असेल तेव्हां प्राण्यास दृष्टीआड होतां येतें काय, हें वडीलधाऱ्यांनीं पाहावें आणि मुलांस पाहावयास शिकवावें. पिंजऱ्यापाशीं गेल्यावर प्राणी क्षणभर दिसला नाहीं, तर निराश होण्याचें कारण नाहीं. लपावयास जागा असणें हें चांगल्या पिंजऱ्याचें एक लक्षण आहे.