डोकेदुखी आणि दुसरा बाण

पालीतल्या ‘वेदना’ या शब्दाशी मी बराच काळ मराठी अर्थानेच झगडत होतो. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत मात्र सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली, कोणतीही जाणीव ही वेदनाच. संयुत्त निकायातल्या ‘सल्लसुत्ता’त याच संदर्भात दोन बाणांची उपमा येते. पहिला बाण शरीराला लागतो; त्याबद्दलचा शोक-संताप हा दुसरा, तो मनाला लागतो.

या दुसऱ्या बाणाचा अलीकडचा इतिहास शोधताना मी एका डोकेदुखीपाशी पोचलो. मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने हैराण होते. मॉर्फिन घ्यावे लागे; परदेशी डॉक्टरही करून झाले होते. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन भिक्खू नव्हते. ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल, सरकारी हिशेब सांभाळून ध्यान शिकवणारे गृहस्थ. त्यांनी आधी चक्क नकार दिला. चित्तशुद्धीची विद्या डोकेदुखीवर खर्चणे म्हणजे तिचे मोल कमी करणे! दुखणे गेलेच, तर जाता जाता जावे. गोयंकांनी हेतू बदलला, तेव्हाच प्रवेश मिळाला.

१९६९ मध्ये गोयंका भारतात आले. बोधगयेत त्यांच्याकडे शिकलेल्या शॅरन साल्झबर्ग, जोसेफ गोल्डस्टीन यांनी पुढे सहकाऱ्यांसह अमेरिकेत बॅरी येथे केंद्र काढले. तिथल्याच एका शिबिरात १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांना ध्यान इस्पितळात नेण्याची कल्पना सुचली. मूळचे रेणुजीवशास्त्रज्ञ. त्याच वर्षी वुस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वर्ग सुरू केला. बुद्धाचे नाव मुद्दाम मागे ठेवले. १९८२ च्या त्यांच्या निबंधातले ५१ रुग्ण जुनाट दुखण्याचे होते. ज्या कारणासाठी रंगूनला दार बंद झाले, त्याच कारणासाठी इथे ते उघडले.

पुढे टीजडेल, सीगल आणि विल्यम्स यांनी हीच रीत नैराश्याकडे वळवली. २००० सालच्या त्यांच्या चाचणीत, तीन वा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांत ते परतण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ वर आले. दोनदाच येऊन गेलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. हा तपशील उत्साही लेखांतून हमखास गळतो.

माझा कल कबाट-झिन यांच्या बाजूने आहे. दुखणाऱ्या माणसाला हेतू तपासून आत घेणे मला जड जाते. पण ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचलेल्या वाचकाला आणखी एक प्रश्न पडणारच: पहिला बाण कुणी मारला? कंपन्यांतल्या ध्यानवर्गांत तो विचारला जात नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरीवरील शिबिरांच्या नियमावलीत, हे वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, अशी सूचना आजही असते. ती वाचताना मला रंगूनचे ते हिशेबनीस आठवतात.