ओरल सबम्यूकस फायब्रोसिस

तोंडाच्या आतील त्वचेखालचा थर तंतुमय व ताठर होत जाऊन तोंड उघडणे हळूहळू कमी होणारा दीर्घकालीन विकार. मुख्य कारण सुपारी. विदर्भात तो प्रामुख्याने खर्ऱ्यामुळे होतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पानठेल्यावर खर्रा तयार करतात. वाशीम जिल्ह्यात प्रॅक्टिस करू पाहणाऱ्या दंतवैद्यक विद्यार्थ्याने दातांची कीड व हिरड्यांचे विकार यांच्या बरोबरीने हा विकार ओळखायला शिकले पाहिजे.

श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांची नोंद करून आजचे नाव रूढ केले. सुपारीतील अरेकोलीन कोलॅजन तयार करणाऱ्या पेशींना चेतवते, टॅनिनमुळे कोलॅजन सहज विघटित होत नाही आणि तांब्यामुळे त्याचे धागे एकमेकांत घट्ट गुंफले जातात. म्हणून तंबाखू न घालता नुसती सुपारी खाणाऱ्यालाही हा विकार होतो. ‘मी तंबाखू खात नाही’ या उत्तरावर थांबू नये. सुपारी, खर्रा, गुटखा यांची नावे घेऊन, दिवसाला किती आणि किती वर्षे, असे विचारावे. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी हा प्रश्न विचारण्याची गरज संपलेली नाही.

पहिली तक्रार बहुधा तोंड न उघडण्याची नसते. तिखट खाल्ले की आग होते, तोंड कोरडे पडते, फोड येतात. या टप्प्यावर रुग्ण क्वचितच येतो. दाढ दुखते म्हणून आलेल्याच्या तोंडात डॉक्टरलाच हा विकार शोधावा लागतो. आतील त्वचा संगमरवरासारखी फिकी दिसते. गालावरून बोट फिरवले की उभे ताठ पट्टे हाताला लागतात. पुढे जीभ बाहेर काढता येत नाही, पडजीभ आक्रसते, आवाज नाकात येतो.

तोंड किती उघडते याचे मोजमाप सोपे असूनही टाळले जाते, ही मोठी उणीव आहे. वरच्या व खालच्या मधल्या पटाशीच्या दातांच्या कडांमधील अंतर पट्टीने मोजून केसपेपरवर मिलिमीटरमध्ये लिहावे. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी मावतात का, हे पाहणे ही झटपट चाचणी. एका प्रचलित वर्गीकरणात ३५ मिमी.पेक्षा जास्त, २५ ते ३५, १५ ते २५ आणि १५ मिमी.पेक्षा कमी असे चार गट आहेत. शेवटच्या गटात खालच्या जबड्याची नस बधिर करण्याचे इंजेक्शन देणेही कठीण होते, मग दाढ काढणे दूरच. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्याचाही धोका वाढतो.

हा विकार कर्करोगपूर्व आहे. केरळमधील एर्नाकुलमच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले असता ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवले. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली की बायॉप्सी करावी.

सवय सुटल्याशिवाय कोणताही उपचार टिकत नाही. सवय सुटली तरी झालेली ताठरता सहसा परत जात नाही. आग कमी करण्यासाठी लायकोपीनसारखी अँटिऑक्सिडंट औषधे, पट्ट्यांत हायल्युरोनिडेज व स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. आईस्क्रीमच्या काड्या दातांमध्ये एकेक वाढवत रोज ताण देण्याचा व्यायाम घरीही जमतो. तोंड फारच आवळले असेल, तर पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया करतात. त्यानंतर हा व्यायाम अनेक महिने न केल्यास तोंड पुन्हा आवळते.