शून्य क्रमांकाचा रंग

विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये लंडनला आपला व्यापारविषयक ॲटलास काढला, तेव्हा तांब्याच्या पत्र्यावरून छापून यायची ती फक्त काळी रेघ. रंग मागाहून हाताने भरावे लागत. डेन्मार्क-नॉर्वेशी चालणाऱ्या इंग्लंडच्या व्यापाराचा त्यातला आलेख आजही ठिकठिकाणी दाखवला जातो: आयातीची रेघ पिवळी, निर्यातीची तांबडी. आकृती एकाने काढायची आणि रंग दुसऱ्याने द्यायचा, ही वाटणी अशी जुनीच आहे. वेबवर मात्र ती नव्याने मिळवावी लागली.

होकोन विउम ली हा नॉर्वेचा गृहस्थ. सर्न या प्रयोगशाळेत असताना त्याने १० ऑक्टोबर १९९४ रोजी स्टाइलशीटचा, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांच्या यादीचा, आपला प्रस्ताव मांडला. त्यात एक मजेदार तरतूद होती. वाचकाने आपला आग्रह किती टक्के आहे ते सांगायचे, आणि उरलेल्या टक्क्यांत पानाच्या लेखकाच्या आवडीला वाव. टक्केवारी पुढे गळून पडली, पण मूळ प्रश्न टिकला: एकाच गोष्टीवर दोघातिघांचे हुकूम आले, तर चालणार कोणाचा? त्या प्रस्तावातून घडलेली सीएसएस ही स्टाइलशीटची भाषा म्हणजे मुळात या तंट्याचा निवाडा. १७ डिसेंबर १९९६ ला तिची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. आलेखांना तिचा काही उपयोग नव्हता. ते सर्व्हरवर तयार होऊन जीआयएफ चित्र म्हणून पानावर येत, आणि चित्राच्या पोटात स्टाइलशीटचा हात पोहोचत नाही.

तो पोहोचला एसव्हीजीमुळे. २००१ मध्ये आकृत्या मजकुरासारख्या लिहिण्याचे हे मानक आले आणि आलेखातली प्रत्येक पट्टी, प्रत्येक रेघ पानाचा स्वतंत्र घटक होऊ शकली. इथेच निवाड्याचे एक कलम फार महत्त्वाचे ठरले. घटकावर ‘फिल’ म्हणून लिहिलेला रंग सर्वांत दुबळा. स्टाइलशीटमधला साध्यात साधा नियमही त्याला हटवतो. तोच रंग ‘स्टाइल’च्या अवतरणचिन्हांत लिहिला, की पारडे फिरते आणि त्याला हलवायला ‘इम्पॉर्टंट’चा सोटा उगारावा लागतो. दोन्हीकडे रंग तोच, पडद्यावर दिसतेही तेच. दुसऱ्याने बनवलेल्या आलेखाशी झटणाऱ्यांची निम्मी चिडचिड या फरकातून येते, असे माझे मत आहे.

आलेखांच्या लायब्रऱ्यांनी, म्हणजे आलेख काढून देणाऱ्या तयार कोडच्या संचांनी, आधी हे सारे टाळले. हायचार्ट्स घ्या. नॉर्वेतल्याच व्हिक नावाच्या गावात टॉर्स्टाइन ह्योन्सीने ती बनवली, २००९ मध्ये बाजारात आणली. तेव्हाच्या इंटरनेट एक्सप्लोररला एसव्हीजी कळत नसे, त्याच्यासाठी व्हीएमएल हे वेगळे चित्ररूप वापरावे लागे. म्हणून दोन्हींसाठी मिळून रंगांची एकच यादी जावास्क्रिप्टमध्ये ठेवणे सोयीचेच होते. २०१४ च्या चौथ्या आवृत्तीत या यादीत पहिला फिकट निळा, दुसरा जवळजवळ काळा, तिसरा पोपटी होता. पांढऱ्या पानावर तो दुसरा रंग उठून दिसे. गडद पानावर मात्र त्या रंगाची अख्खी मालिका जवळपास बुडून जाई.

२०१६ च्या पाचव्या आवृत्तीत हायचार्ट्सने रंग सांगणेच सोडून देण्याची सोय केली. पहिल्या मालिकेला ‘कलर-०’, दुसरीला ‘कलर-१’ असे वर्गनाव द्यायचे (मोजणी अर्थातच शून्यापासून) आणि शून्य म्हणजे निळा की भगवा, ते स्टाइलशीटने ठरवायचे. माझ्या मते आलेखांच्या लायब्रऱ्यांच्या कुळातला खरा शोध हाच. त्याच सुमारास क्रोम आणि सफारीत सीएसएसची चल-मूल्ये चालू लागली. रंग एका जागी नाव देऊन ठेवायचा, हवा तिथे त्या नावाने मागवायचा. २०१९ पासून ब्राउझर वाचकाची गडद-फिकट पसंती स्टाइलशीटला कळवू लागले. आता ती एकच जागा बदलली की मालिका, खुणांची यादी, माहितीची चौकट असे सगळे एकदम बदलते. लीच्या प्रस्तावातला वाचकाचा वाटा असा आडवाटेने आलेखापर्यंत आला.

कॅनव्हासची शाखा मात्र वेगळी राहिली. ॲपलने २००४ मध्ये आणलेला हा घटक बाहेरून एकच, आत नुसते रंगवलेले ठिपके. चार्ट.जेएसचे आलेख त्यावरच उमटतात. तिथे वर्गनाव लावायला पट्टीच नसते, म्हणून प्रोग्रॅमरला स्टाइलशीटमधला रंग जावास्क्रिप्टने वाचून लायब्ररीच्या हाती द्यावा लागतो, आणि वाचकाने पान गडद केले की पुन्हा वाचून आलेख नव्याने रंगवून घ्यावा लागतो.