दोन दारांचा संडास

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरसारख्या गावात सार्वजनिक संडास आधी कागदावर उभा राहतो. अंदाजपत्रक होतं, नकाशा निघतो, तांत्रिक मान्यता मिळते. नकाशात मधोमध एक भिंत, एका दारावर ‘स्त्रिया’, दुसऱ्यावर ‘पुरुष’. कुणालाही वापरता येईल असा संडास सुचवला की ‘गावाच्या रीतीत हे बसत नाही’ हा आक्षेप ठरलेला. पण गावाचा इतिहास पाहिला तर ही भिंत रीतीनं घातलेली दिसत नाही. ती नियमांच्या तक्त्यातून आली आहे, आणि सोडवायचं कोडंही तिथंच आहे.

वऱ्हाडातल्या बहुतेक गावांत दोन पिढ्यांपूर्वी संडास नव्हताच, गोदरी, म्हणजे गावाबाहेरची हागणदारी, होती. बायका उजाडायच्या आत किंवा दिवेलागणीनंतर जायच्या. गड्यांना वेळेचं बंधन नसे. विभागणी होती ती वेळेची आणि दिशेची, आणि तिचा भार एकट्या बायकांवर. गाडगेबाबांच्या नावानं २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान निघालं, २०१४ नंतर स्वच्छ भारतचं १२,००० रुपयांचं अनुदान आलं, आणि घरोघरी दोन शोषखड्ड्यांचा संडास झाला. त्याला एकच दार. सासू, सून, मुलगा, जावई, पाहुणा सगळे त्यातूनच आत जातात, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वेगळ्या दाराचा उगम घराबाहेरच्या कायद्यांत आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८८७ साली कामगार स्त्रियांसाठी वेगळ्या संडासाचा कायदा केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १९ नं तेच बंधन घातलं. पुढे राज्याच्या कारखाने नियमांनी दर २५ स्त्रियांमागे एक संडास असा हिशेब लावून दिला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आली. हे सगळं योग्यच होतं. सक्ती नसती तर मालकानं एकच संडास बांधला असता आणि तो पुरुषांनी अडवला असता.

अडचण आहे ती मोजणीची. राष्ट्रीय इमारत संहितेचे २०१६ चे तक्तेही माणसं पुरुष आणि स्त्री अशा दोन रकान्यांत मोजतात. दरम्यान १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांसाठी वेगळी सार्वजनिक शौचालयं करायला सांगितलं. २०१७ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी त्यांना स्त्रियांचं वा पुरुषांचं, हवं ते वापरू द्या म्हटलं. २०२० च्या नियमांनी आस्थापनांच्या समान संधी धोरणात सर्वांसाठीच्या संडासाचा उल्लेख आणला. सहा वर्षांत तीन उत्तरं, आणि तक्ता जिथल्या तिथं! सर्वांसाठीची खोली काढणाऱ्या अभियंत्याला ती कोणत्याच रकान्यात धरता येत नाही; ती आवश्यक संख्येवरची जादा ठरते, आणि जादा खर्चाला पंचायत हात लावत नाही. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय प्लंबिंग संहितेनं २०२१ च्या आवृत्तीत सर्वांसाठीच्या सामायिक स्वच्छतागृहाला वाट करून दिली. आपली राष्ट्रीय संहिता तर शिफारसवजा आहे. राज्यानं स्वीकारावी तेव्हा ती बंधनकारक होते. म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीतही अशी ओळ घालता येते.

‘खेड्यात याची गरज कुणाला?’ असं विचारणाऱ्यांनी माळशिरस तालुक्यातलं तरंगफळ आठवावं. २०१७ साली तिथं तृतीयपंथी ज्ञानदेव कांबळे सरपंच झाल्या. २०२१ सालच्या निवडणुकीसाठी जळगावच्या भादली बुद्रुकमध्ये तृतीयपंथी अंजली पाटील यांचा अर्ज स्त्रियांच्या राखीव जागेवरून नाकारला गेला, उच्च न्यायालयानं तो ग्राह्य धरला आणि त्या निवडूनही आल्या. रकान्यांचा पेच ग्रामपंचायतीला नवा नाही. शिवाय अमडापूरच्या बल्लाळदेवीच्या दर्शनाला म्हाताऱ्या आईला घेऊन आलेला मुलगा, लहान मुलीला घेऊन आलेला बाप, यांनी कोणत्या दारातून जायचं?

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र वजनदार आहे. इंग्लंडनं ऑक्टोबर २०२४ पासून नव्या बिगर-निवासी इमारतींत स्त्री-पुरुषांची स्वतंत्र स्वच्छतागृहं ही मुख्य अपेक्षा ठेवली, ती या चिंतेतूनच. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीनं दाखवून दिलं की पुरुषांना मुतारी फुकट असताना स्त्रियांकडून पैसे घेतले जातात. तेव्हा बायकांच्या वाट्याची एकही जागा कमी करून हे करता कामा नये. पण इंग्लंडच्या त्याच दस्तऐवजात पूर्ण बंदिस्त, आतच हात धुण्याची सोय असलेली सर्वांसाठीची खोलीही मान्य आहे. सुरक्षितता पाटीपेक्षा बांधकामावर ठरते: जमिनीपासून चौकटीपर्यंत फट नसलेलं दार, छताला भिडलेली भिंत, आतून धड लागणारी कडी, आतच नळ, उंचावर झरोका, आणि दार थेट रहदारीच्या बाजूला उघडणारं. आज स्त्रियांच्या बाजूला असतं ते पत्र्याचं दार, खाली वीतभर फट आणि निखळलेली कडी. नियमावलीत आधी या खोलीचं वर्णन यावं. मग ती स्त्रियांच्या किमान संख्येला धक्का न लावता एकूण आवश्यक संख्येत धरली जाईल, एवढी तरतूद केली की मंजुरीच्या कागदावर तिला ‘जादा’ म्हणायची सोय उरणार नाही.